अथातो झील-जिज्ञासा

कोणताही ग्रंथ सुरू करताना अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी आधी सांगाव्यात, असा आपल्याकडे दंडक आहे. तो पाळतो. विषय : गावोगावच्या भजनी मंडळात मागे राहून झील धरणारा पुरुष. अधिकारी : ज्याला पुढे बसून अख्खा अभंग म्हणता येत नाही असा कोणीही. संबंध : प्रस्तुत लेखक हिंगोली जिल्ह्यातल्या एका मंडळात झील धरतो, हा. प्रयोजन मात्र शोधूनही सापडलं नाही. पण त्यावाचून मराठीत आजवर एकही प्रबंध अडलेला नाही.

आता पूर्वपक्ष. पुढचा म्हणतो, मागचे तेच म्हणतात, यात मीमांसा कसली? उत्तर असं की नेमकं हेच समजून आजवरच्या पंडितांनी मागच्यांना मागेच ठेवलं. तुकोबांचे चौदा टाळकरी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांतल्या संताजी जगनाड्यांनी गाथा लिहून ठेवली म्हणून त्यांचं नाव घरोघर पोचलं. पण चौदांपैकी टाळ कोण आधी थांबवायचा, कोणाचा घसा नेमका एकादशीलाच बसायचा, कोण कडवं संपायच्या आत धृपदावर यायचा, याची कुणी नोंद ठेवली नाही. अभंगांच्या पाठभेदांवर लिहिणाऱ्यांनी एवढा तरी विचार करायला हवा होता की पाठभेद होतात ते मागच्या रांगेत. पुढचा चुकला की सगळे हसतात आणि तो सुधारतो. मागचा चुकला की कुणाला कळत नाही, आणि पुढच्या पिढीत तोच शब्द परंपरा होऊन बसतो.

आधी कालनिर्णय. आमचं मंडळ किती जुनं, याला कागद नाही. जुने लोक ‘रझाकाराच्या आधीपासून’ एवढंच सांगतात आणि आमच्याकडे कालगणनेला तेवढं पुरतं. म्हणजे मंडळ निजामाच्या राज्यात निघालं, १९४८ नंतर हैदराबाद राज्यात गायलं, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, १९६० ला महाराष्ट्रात आलं आणि १ मे १९९९ रोजी परभणी जिल्हा सोडून हिंगोलीत दाखल झालं. एवढा प्रवास त्यानं मारुतीच्या पारावरून न उठता केला. मूळ सभासदांपैकी आज एकही हयात नाही. पण गौळणीच्या आधी चहा की नंतर, हा त्यांनी सुरू केलेला वाद शाबूत आहे, त्यामुळे मंडळ तेच आहे याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

भौतिक पुरावा हवा असेल तर पेटी पाहावी. भाता दोनदा बदललेला, झाकणाची एक कडी तारेनं बांधलेली. पण पट्ट्या जुन्याच. मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या बोटांनी झिजून कडेला गोल झाल्यात आणि सुपारी खाणाऱ्याच्या दातांच्या रंगाला आल्यात. उजव्या टोकाच्या चार मात्र दुकानातून आणल्या तशा पांढऱ्याशुभ्र. एवढ्या वर्षांत तिथवर कोणाचा आवाज गेला नाही, हे त्या सांगतात. गेला असता तरी पेटीवाल्यानं तो ऐकला नाही, असाही अर्थ काढता येईल.

मग स्थाननिर्णय, म्हणजे कोणी कुठे बसायचं. मंडळात याइतका स्फोटक विषय दुसरा नाही, आणि या विषयातला आद्य खटला आमच्याच जिल्ह्यात घडला. संत नामदेवांचं जन्मगाव कयाधू नदीच्या काठचं नर्सी, हे आम्ही मानतो. विद्वानांत याबद्दल वाद आहे, नर्सीत नाही. तिथून जवळच औंढा नागनाथ. परंपरा सांगते की नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, गर्दीनं वाट अडली, पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितलं. ते देवळाच्या मागे जाऊन गायला लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. देऊळ फिरल्याची गोष्ट त्यांतही येते, आणि तिथे हाकलण्याचं कारण गर्दी नसून जात आहे, हे स्पष्ट सांगितलेलं आहे. थट्टेच्या ग्रंथातही एवढं वाक्य सरळ लिहायला हवं. औंढ्याला आजही नंदी देवाच्या समोर नसून देवळाच्या मागच्या बाजूला आहे; देऊळ फिरलं, नंदी राहिला, असं लोक दाखवतात.

या खटल्याचा निकाल मागच्या रांगेच्या बाजूनं लागला, हे उघड आहे. तरी कायदेशीर मुद्दा शिल्लक राहतोच. देऊळ फिरल्यावर मागची बाजू पुढची झाली. मग मघाशी जे पुढे होते ते आता मागे गेले की नाही? गेले. त्यांच्यासाठी देऊळ पुन्हा फिरलं का? नाही. यावरून सिद्धान्त असा : पुढे-मागे हे स्थान देवाच्या तोंडावरून ठरतं, सतरंजीवरून नाही. आमच्या मंडळात हा सिद्धान्त कोणालाच मान्य नाही. आमच्याकडे स्थान ठरतं माईकवरून.

माईक एकच. तो पुढच्याच्या तोंडासमोर उभा करतात आणि दुसऱ्या अभंगापर्यंत तो हळूहळू वळून तिसऱ्याच माणसासमोर आलेला असतो. कोणी वळवलेला दिसत नाही. औंढ्याचं देऊळ एकदा फिरलं. आमचा माईक दर एकादशीला फिरतो. आणि तो नेहमी त्याच्याचकडे फिरतो ज्याचा आवाज माईकशिवायही वेशीबाहेर जातो. ज्याचा आवाज गोड, तो खांबाला टेकून, डोळे मिटून, स्वतःच्या धोतरात गातो. आवाजाची गोडी आणि माईकपासूनचं अंतर यांचं प्रमाण सम आहे, हा नियम मी सप्ताहांत, बारशांत आणि तेराव्यात पडताळून पाहिला आहे. अपवाद एकच : वीज गेली तर.

आता मुख्य प्रमेय. झीलकऱ्याला अभंग येत नसतो. मग तो अभंग म्हणतो कसा?

याचं उत्तर छंदात आहे. थोरल्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. एकूण बावीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. पुढच्यानं ओळ एकदा म्हटलेली असते, म्हणजे झीलकऱ्यानं ती निदान ऐकलेली असते, जर तो त्या वेळी शेजाऱ्याकडे चुना मागत नसला तर. मागत असला तरी बिघडत नाही. पहिला चरण तो तोंड उघडून नुसता ‘आ’ धरून काढतो. दुसऱ्याच्या शेवटाला यमक कानावर पडतं, तिथे तो शब्दावर येतो. तिसऱ्याचा शेवट त्याच यमकाचा, म्हणून तो आधीच हजर असतो. चौथा चरण चारच अक्षरांचा. चार अक्षरांत कोणाला गाठणं कठीण नाही. हिशेब केला तर बावीस अक्षरांपैकी सात-आठ अक्षरांवर माणूस आयुष्यभर उत्तम झील धरू शकतो. संतांनी हा छंद का निवडला, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय : जात्यावरची ओवी, लोकभाषा, पाठांतराची सोय. माझ्या मते त्यांना मागची रांग माहीत होती.

शेवटच्या कडव्यात तर चमत्कार घडतो. तिथे कवीची नाममुद्रा येते. तुका असो, नामा असो, जनी असो, त्यापुढे ‘म्हणे’ असणार हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. जो सबंध अभंगभर ओठ हलवत होता, जो पेंगत होता, जो मोबाइलवर मोंढ्यातला हळदीचा भाव बघत होता, ते सगळे एका दमात, खुल्या आवाजात, सुरात ‘म्हणे’ म्हणतात. गावची कुत्री इथे उठतात. अख्ख्या मराठी काव्यात एवढ्या खात्रीनं, एवढ्या बिनचूकपणे आणि एवढ्या माणसांनी मिळून गायलेली दुसरी दोन अक्षरं दाखवावीत. काय म्हणे, हे पुन्हा पुढच्यानं एकट्यानं निस्तरायचं असतं.

स्वरविचार थोडक्यात आटोपतो, कारण आमच्याकडे तो थोडक्यातच आहे. पेटीवाला काळी दोन देतो. पुढचा ती ऐकून घेतो, मान डोलावतो आणि स्वतःच्या पट्टीत सुरू करतो. मग पेटी त्याला शोधत निघते. दोघांची गाठ बहुधा धृपदाच्या दुसऱ्या आवर्तनात पडते. मागचे तोवर थांबत नाहीत. त्यांची स्वतःची, कुठल्याही पेटीवर नसलेली पट्टी असते आणि शेवटी पुढचा आणि पेटी दोघेही तिथे येतात. हल्ली आळंदीला शिकून आलेली पोरं गावात आहेत. जोग महाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचं हे देणं. ती चाल सुरेख मांडतात, ताना घेतात, समेवर अचूक येतात. त्यांच्याबरोबर झील धरताना आम्हाला परक्या गावच्या लग्नात जेवायला बसल्यासारखं वाटतं : पंगत उत्तम, पण ओळखीचं कोणी नाही.

कणकेवर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण कुठल्याही संगीतग्रंथात तिला दोन ओळींच्या वर जागा मिळालेली नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तेव्हा तो खर्जात घुमतो. कणीक गव्हाचीच लागते. आमच्या भागात जेवणात मान ज्वारीचा. पण ज्वारीच्या पिठाला चिकाटी नाही, दोन थापांत ते सुटून पखवाज्याच्या मांडीवर येतं. म्हणून ज्या घरी भजन, त्या घरानं गव्हाच्या कणकेचा गोळा द्यायचा. घरधनीण आतून विचारते, ‘केवढा देऊ?’ पखवाजी म्हणतो, ‘एका पोळीचा.’ आता पोळी केवढी, हे घराघरावर आहे. माझं निरीक्षण असं की जिथे पोळी लहान तिथे पखवाज हलका बोलतो, आणि त्या रात्री भजन लवकर आटपतं. जिथे मोठा, नीट मळलेला गोळा येतो तिथे डावा असा घुमतो की पखवाजी भैरवी झाल्यावरही उठत नाही.

गोळा आला की तो बोटांनी चेपून पाहतो. पाणी जास्त झालं असेल तर तळव्यावर थोपटत राहतो, मग पुडीच्या मधोमध दाबून, अंगठ्यानं फिरवत पसरवतो. एक थाप. पुन्हा नखानं चिमूटभर काढतो. पुन्हा थाप. काढलेली चिमूट दुसऱ्या बाजूला लावतो. या वेळी मागच्या रांगेतला प्रत्येक जण त्याला ‘कमी कर’ किंवा ‘राहू दे’ असा सल्ला देतो. शास्त्र असं की हे सल्ले विषम संख्येत असावेत, म्हणजे बहुमत होतं. भजन झालं की ती कणीक खरवडून काढावी लागते, नाही तर वाळून पुडी खराब होते आणि रात्रीतून उंदीर येतात. खरवडलेली कणीक गाईच्या तोंडी जाते. संगीताचा इतका पौष्टिक शेवट अभिजात मैफलीत होत नाही.

उपस्थितीचं शास्त्र पंचांगात नाही, पिकांत आहे. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा. नेमका तोच सोयाबीनच्या मळणीचा आणि हरभऱ्याच्या पेरणीचा महिना. साहजिकच काकड्याला जे येतात ते एक तर ज्यांचं शेत वाटून गेलंय ते म्हातारे, नाही तर ज्यांना झोप येत नाही ते. दोन्ही गटांचं पाठांतर चांगलं असतं, त्यामुळे काकड्याला झील सर्वांत शुद्ध. याउलट माघ-फाल्गुनात हळद निघते. वसमतपासून हिंगोलीपर्यंत शिवारात हळद शिजवायचे कुकर पेटलेले, रात्रभर वाफ, अंगाला तो उग्र वास. त्या दिवसांतली एकादशी म्हणजे पारावर पेटी, पखवाज आणि मूठभर माणसं. येतात त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. टाळांच्या दोऱ्या पिवळ्या होतात त्या आषाढीपर्यंत तशाच राहतात. बायकांचं मंडळ दुपारी बसतं, ठरल्या वेळी सुरू होतं, ठरल्या वेळी उठतं आणि हिशेब वहीत लिहितं. म्हणून त्याच्यावर ग्रंथ लिहिण्याजोगं काही नाही.

सप्ताहाचा एक अध्याय स्वतंत्र व्हायला हवा, पण इथे एकच मुद्दा. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, मध्ये दोघे एकमेकांच्या पाया पडणार. दोन-दोन तासांचे पहारे फळ्यावर लिहितात. संध्याकाळच्या पहाऱ्यांवर पहिल्या दिवशीच नावं चढतात. रात्री दोन ते चार ही जागा मात्र कोरी राहते, आणि मग तिच्यावर त्या माणसाचं नाव लिहिलं जातं जो त्या वेळी फळ्याजवळ नसतो. झीलकऱ्याला वीणा मिळण्याची ही एकमेव वेळ. समोर कोणी नाही, माईक बंद, दोन टाळकरी भिंतीला टेकून हात हलवतायत. झोपेत असूनही टाळ तालात पडतात, ही गोष्ट मेंदूच्या अभ्यासकांनी हिंगोलीला येऊन बघावी. अशा वेळी मागचा माणूस पुढचा होतो आणि अख्खं नाव एकट्यानं घेतो. तोही त्याच त्या ठरलेल्या नामाला धरून राहतो. नवा अभंग सुरू करायची हिंमत करत नाही. अधिकाराची ही जाणीव पुढच्यांत फार कमी दिसते.

आता शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं प्रमेय : मंडळाला किमान माणसं किती हवीत? सहकारी संस्थेला गणपूर्तीचा नियम असतो. भजनी मंडळाला नाही. तो आम्ही गणितानं काढला आहे.

नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, तो पुरा होईना म्हणून त्यांनी तुकोबांच्या स्वप्नात येऊन उरलेलं काम सांगितलं, अशी परंपरा आहे. शतकोटी म्हणजे शंभर कोटी. आमचं मंडळ एकादशीला बसतं, वर्षातून २४ वेळा, दर वेळी पहिल्या गजरापासून भैरवीपर्यंत नऊ अभंग होतात. वर्षाला २१६. अधिक मासाच्या दोन एकादश्या धरल्या नाहीत. त्या मंडळाच्या खाती जमा. या वेगानं शंभर कोटी अभंग म्हणायला ४६,२९,६३० वर्षं लागतात. महायुग असतं ४३,२०,००० वर्षांचं. म्हणजे एक अख्खं महायुग संपून दुसऱ्याची तीन लाख वर्षं गेली तरी आम्ही भजनच करतोय. तेच पन्नासेक अभंग आलटून-पालटून म्हटले तर ते मोजायचे का, अशी हरकत पेटीवाल्यानं घेतली. ती फेटाळली, कारण ती मान्य केली तर मंडळ पहिल्या तीन महिन्यांतच बंद पडतं.

इथे झीलकरी कामाला येतो. अभंग फक्त पुढचा म्हणतो असं कोणी सांगितलं? मागचाही म्हणतोच की, निदान आठ अक्षरं. ज्यानं ‘म्हणे’ म्हटलं त्यानं अभंग म्हटला, असं धरायला शास्त्राची हरकत नसावी. मग पुढचा आणि मागे बारा असे तेरा जण बसले तर वर्षं लागतात ३,५६,१२५. कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्यातली पाच हजारांवर गेली. शिल्लक ४,२६,००० च्या वर. म्हणजे काम कलियुगातच उरकतं. बारा असले तरी उरकतं. अकरा असले तर ४,२०,८७५ वर्षं, म्हणजे जेमतेम, पण उरकतं. दहा झाले की ४,६२,९६३ आणि प्रलय आधी येतो. तेव्हा गणपूर्ती अकरा. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सुचवणारा आणि अनुमोदन देणारा, दोघेही मागच्या रांगेतले.

हा नियम लागू झाल्यावर आलेली पहिलीच एकादशी हळदीच्या दिवसांतली निघाली. साडेआठची वेळ, साडेनऊ वाजले, मोजले तर दहा. कणीक लावून झालेली, पखवाजी थाप मारून बसलेला. अकराव्याला फोन लावला तर तो शेतात कुकरपाशी. ‘काहून येईना गेलास?’ म्हणल्यावर बोलला, ‘कुकर उतरवल्याबगर कसा येऊ? तुम्ही सुरू करा, फोन चालू ठेवा, मी इथून धरतो.’ फोन माईकपाशी ठेवला. त्या दिवशी नऊच्या नऊ अभंगांच्या ‘म्हणे’ला त्याचा आवाज बरोबर आला, मध्ये वाफेची सुरसुर, एकदा बैलाला हाक. फोनवरची झील गणपूर्तीत धरायची की नाही, यावर पुढच्या बैठकीत निर्णय घ्यायचा होता. त्या बैठकीला नऊ जण आले.